पलीकडे माणूस आहे, हे यंत्राला कळतं कसं?

अमडापूरच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवाय. आता त्यासाठी तलाठ्याची वाट पाहायची गरज नाही. मोबाइलवर भूलेख उघडायचं, विभाग अमरावती, जिल्हा बुलडाणा, तालुका चिखली, गाव अमडापूर असं एकेक निवडायचं, गट नंबर टाकायचा, आपला मोबाइल नंबर द्यायचा. आता उतारा येणार, तेवढ्यात पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरं उगवतात. त्यांच्यावर रेघोट्या मारलेल्या. हे शून्य आहे की इंग्रजी ओ? हा आकडा एक आहे की एल? उन्हात पडदा नीट दिसत नाही, चष्मा घरी राहिलाय. अक्षरं चुकतात, पुन्हा नवी येतात.

वैताग येतो हे खरं. पण या वैतागामागे एक विलक्षण प्रश्न उभा आहे. सातबारा काही गुप्त कागद नाही. राज्यातल्या कोणत्याही गावच्या कोणत्याही गटाचा उतारा कुणीही माहितीसाठी फुकट पाहू शकतं. सही केलेला हवा असेल तर तोही पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. मग जे सगळ्यांसाठी खुलं आहे, त्याला पहारा कशाला?

गणित करून बघा. महाराष्ट्रात सुमारे ४४ हजार महसुली गावं आहेत आणि सातबारे अडीच कोटींच्या वर. माणूस एक उतारा काढायला दोन-तीन मिनिटं घेईल. एखाद्याने साधा प्रोग्राम लिहिला, जो सेकंदाला दहा उतारे मागतो, तर अवघ्या राज्याची जमीन, मालकांच्या नावांसकट, एका महिन्याच्या आत त्याच्या खिशात जाईल. सेकंदाला शंभर मागितले तर तीन दिवसांत! शिवाय तो प्रोग्राम मागत राहील तोवर खरा शेतकरी ताटकळत बसेल आणि सेतू केंद्रातला मुलगा हात वर करून सांगेल, ‘भाऊ, साइट चालूच नाही.’ म्हणजे इथे राखण गुपिताची नाही, राखण रांगेची आहे. एकाला एक उतारा द्यायचा आणि एकाच वेळी अडीच कोटी मागणाऱ्याला थोपवायचं, तेही दोघांपैकी कुणाचंच तोंड न पाहता.

कारण सर्व्हरला दिसतं तरी काय? ना तुमचा चेहरा, ना आवाज. तारेवरून आकड्यांचा एक छोटा गठ्ठा येतो: कोणत्या पत्त्यावरून आलो, कोणता ब्राउजर आहे, कोणतं पान हवंय. बस्स. प्रोग्रामही हुबेहूब तसाच गठ्ठा पाठवू शकतो. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर, डोळ्याचं पातं लवायच्या आत, यंत्राला ठरवायचं असतं की पलीकडे माणूस आहे की दुसरं यंत्र. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये प्रश्न विचारला होता की, केवळ संभाषणावरून समोरचं यंत्र आहे की माणूस हे माणसाला ओळखता येईल का? अर्ध्या शतकाच्या आत परीक्षा नेमकी उलटी झाली. परीक्षक यंत्र बनलं आणि परीक्षार्थी तुम्ही-आम्ही.

ही उलटी परीक्षा पहिल्यांदा घेणाऱ्यांत होते अल्टाव्हिस्टा या जुन्या सर्च इंजिनवाले. १९९७ ची गोष्ट. लोक प्रोग्राम लावून त्यांच्या यादीत वेबसाइटचे हजारो बोगस पत्ते घुसवत होते. आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं असेल? त्यांनी स्कॅनरची माहितीपुस्तिका उघडली. छापील मजकूर यंत्राला नीट वाचता यावा म्हणून काय काळजी घ्यावी, याच्या सूचना तीत होत्या. कागद सरळ ठेवा, अक्षरांचा प्रकार एकच ठेवा, पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा. यांनी प्रत्येक सूचनेच्या बरोबर उलट केलं! अक्षरं तिरपी केली, आकार सरमिसळ केले, मागे नक्षी घातली. यंत्राच्या सगळ्या अडचणींची यादी यंत्र बनवणाऱ्यांनीच छापून ठेवली होती, ती फक्त उलटी वाचायची होती. बोगस भरणा ९५ टक्क्यांहून अधिक घटला.

पुढे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लूम आणि त्यांचा ग्वाटेमालाहून आलेला तरुण विद्यार्थी लुइस फॉन आन यांनी या युक्तीला शास्त्राचं रूप दिलं, सहकाऱ्यांसह कॅप्चा हे नाव रूढ केलं. पण या फॉन आनला एक गोष्ट खुपत राहिली. त्याने हिशेब मांडला. जगभर दिवसाला सुमारे वीस कोटी कॅप्चा भरले जातात, प्रत्येकाला दहा सेकंद लागतात. म्हणजे रोज माणसांचे पाच लाख तास वाया! आपण निर्माण केलेला हा छळ बघून तो नुसता हळहळला नाही. त्याने विचारलं, हे दहा सेकंद कुठे कामी लावता येतील का?

२००७ मध्ये त्याचं उत्तर आलं, आणि मला ते गेल्या पन्नास वर्षांतल्या अतिशय सुंदर कल्पनांपैकी एक वाटतं. एकाऐवजी दोन शब्द दाखवायचे. एक शब्द यंत्राला माहीत असलेला. दुसरा जुन्या पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला, स्कॅन केलेला पण शाई उडाल्यामुळे यंत्राला न वाचता आलेला. कोणता शब्द कोणता, हे तुम्हाला कळत नाही, म्हणून दोन्ही नीट भरावे लागतात. पहिला बरोबर आला की तुम्ही माणूस ठरलात. मग तुमचा दुसरा शब्दही विश्वासाचा धरायचा. अनोळखी असे अनेकजण त्याच शब्दावर एकमताने तेच लिहितात, तेव्हा तो शब्द कायमचा वाचला गेला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक असे शब्दाशब्दाने वाचून निघाले. कुठेतरी ईमेल खातं उघडणाऱ्या कोट्यवधी लोकांनी आपल्या नकळत एक ग्रंथालय उतरवून काढलं. २००९ मध्ये गूगलने हा उद्योगच विकत घेतला आणि पुढे रस्त्यावरच्या छायाचित्रांतले घर नंबरही लोकांकडून वाचवून घेतले.

आता या गोष्टीतला पेच बघा. माणसं यंत्रांना शब्द वाचून दाखवत होती, तेव्हा यंत्रं काय करत होती? शिकत होती. २०१४ मध्ये गूगलने स्वतःच जाहीर केलं की, आमची यंत्रणा सर्वांत वाकडी अक्षरंही ९९.८ टक्के अचूक वाचते. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संशोधकांनी चौदाशे माणसांना वेगवेगळे कॅप्चा सोडवायला लावले. वाकड्या अक्षरांना माणसांनी नऊ ते पंधरा सेकंद घेतले आणि उत्तरं ५० ते ८४ टक्के बरोबर आली. प्रोग्राम सेकंदाच्या आत सोडवतात, आणि जवळजवळ न चुकता. म्हणजे आज जो कॅप्चा झटक्यात, बिनचूक भरेल, तोच यंत्र असण्याची शक्यता जास्त! अडखळणारा, परत परत चुकणारा आपला शेतकरी मात्र अस्सल माणूस.

मग ही अक्षरं अजून आहेत कशाला? कारण प्रोग्राम हरला तरी चोराकडे आणखी एक वाट आधीपासून होतीच, आणि तिच्यातूनच या कोड्यांचं खरं काम उलगडतं. २०१० मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी कॅप्चा सोडवून देण्याच्या धंद्याचा माग काढला. गरीब देशांतली माणसं दिवसभर इतरांसाठी कॅप्चा भरत बसत होती, आणि हजार कॅप्चांचा भाव होता एका डॉलरच्या आसपास. ‘मी माणूस आहे’ ही साक्ष माणसंच यंत्रांना विकत होती. म्हणजे कॅप्चाने कुणाला कधीच पूर्णपणे अडवलं नाही. त्याने फक्त आत येण्याला किंमत लावली. एकदाच येणाऱ्याला दहा सेकंद, अडीच कोटी वेळा येणाऱ्याला हजारो डॉलर. हे एकदा ध्यानात आलं की सगळा प्रश्नच वेगळा दिसू लागतो. चोराला ओळखायलाच हवं असं नाही. त्याचा धंदा तोट्यात घालवला तरी पुरतं. फक्त ती किंमत खऱ्या माणसाच्या डोक्यावर बसता कामा नये.

‘मी रोबोट नाही’ ही चौकट आठवते? डिसेंबर २०१४ मध्ये ती आली. एक टिचकी मारली की झालं. यंत्राला टिचकी मारता येत नाही का? येते की! पण त्या टिचकीला स्वतःची अशी किंमत फारशी नसते. यंत्रणा बघत असते ती तिच्या आधीचं आणि नंतरचं वागणं. माणसाचा माउस कधी सरळ रेषेत जात नाही. तो थोडा भरकटतो, चौकटीच्या पुढे जातो, मागे येतो. माणूस वाचायला वेळ घेतो. प्रोग्राम नेमका, नीटस आणि घाईत असतो. आपलं अडखळणं हेच आपलं ओळखपत्र झालं. २०१८ पासून तर ही चौकटही न दाखवता मागच्या मागे गुण द्यायची सोय झाली: या पाहुण्याबद्दल भरवसा इतका, संशय इतका. संशय कमी असेल तर तुम्हाला काहीच दिसत नाही, जास्त असेल तरच कोडं पुढे येतं.

वा, सुटला प्रश्न? नाही. संशय कशावरून घ्यायचा? सगळ्यात सोपी खूण म्हणजे पत्ता. एकाच पत्त्यावरून मिनिटाला शेकडो विनंत्या आल्या की तो पत्ता अडवायचा. पण हे ऐका. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत सुमारे ४३० कोटी. जगात माणसंच आठशे कोटींच्या वर, आणि एकेका घरात चार-चार उपकरणं. पत्ते पुरणार कसे? म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो, कधी हजारो ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. अमडापूरच्या बसथांब्यावर फोन हातात घेऊन उभी असलेली मुलं, चिखलीच्या बाजारातला व्यापारी आणि उंद्रीतलं कुणीतरी, हे सगळे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून बोलताना दिसू शकतात. त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये एखादं खोडकर ॲप शिरलं की तो पत्ता बदनाम, आणि बाकी सगळ्यांना कोडी सोडवा म्हणून सांगणं आलं. अमेरिकेतल्या घराला स्वतंत्र पत्ता सहज मिळतो, कारण तिकडे सुरुवातीलाच भरपूर पत्ते वाटून घेतले गेले. आपल्याकडे इंटरनेट उशिरा आणि एकदम लोंढ्याने आलं, २०१६ नंतर तर अक्षरशः पूर. म्हणून ‘एक पत्ता, एक माणूस’ या समजुतीवर उभा असलेला कोणताही पहारा नकळत आपल्या खेड्यांना जास्त छळतो. यावर उपाय आहे, आणि भारत त्यात आघाडीच्या देशांत आहे. नव्या पद्धतीचे पत्ते इतके आहेत की ३४ लिहून पुढे ३७ शून्यं काढावी लागतात. भारतातले निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरणारे आज या नव्या पत्त्यांवरून बोलतात. पण समोरची वेबसाइट जुन्याच पत्त्यावर असली तर फोनला पुन्हा त्या सामाईक पत्त्याच्या आडूनच जावं लागतं.

पत्ता फसवा, कोडं फसवं. मग सरळ विचारावं, तू कोण? हा ओटीपीचा आणि अंगठ्याचा मार्ग. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या पुराव्याची सक्ती केली, आणि ओटीपी आपल्या बोलीत रुळला. आज कुठल्याही सेवा केंद्रात ‘काका, ओटीपी आला का?’ याच्याइतकं वारंवार ऐकू येणारं वाक्य नसेल. काकांचा आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद पडलाय किंवा तो पुण्याला असलेल्या मुलाकडे आहे, ही तर घरोघरची कहाणी. मग ‘अंगठा लावा’. आणि अंगठा लागत नाही!

का लागत नाही? कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी, विटा वाहणारी बोटं झिजतात. कातडीवरच्या रेषा पुसट होतात, भेगा पडतात. पण याहून खोल कारण गणितात आहे. एकाच बोटाचे दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. दाब वेगळा, घाम वेगळा, बोट किंचित वळलेलं. त्यामुळे यंत्र ‘तोच का?’ असं विचारतच नाही. ते विचारतं, ‘पुरेसा सारखा आहे का?’ हे ‘पुरेसा’ किती, ते कुणीतरी ठरवायचं असतं. कडक ठरवलं की तोतया अडतो, पण झिजलेल्या बोटाची म्हातारीही अडते. सैल सोडलं की ती आत येते, पण तोतयाही येतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर नेणारी खूण या पट्टीवर नाहीच. हे यंत्र महाग घेऊन सुटणारं दुखणं नव्हे. आधारवर महिन्याला दोनशे कोटींहून अधिक पडताळण्या होतात. त्यांत समजा शंभरात एक खरा माणूस चुकून नाकारला गेला, तर महिन्याला दोन कोटी वेळा कुणीतरी खरा माणूस ‘तू तो नाहीस’ हे ऐकतो. ९९ टक्के हा आकडा किती गोड वाटतो, आणि त्याच्या पोटात काय काय मावतं!

त्याच आधारमध्ये उलट्या स्वभावाची एक करामतही दडलेली आहे. तुमच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. तो आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. याकोबुस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने ही रीत १९६९ मध्ये शोधली. नंबर लिहिताना कोणताही एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ही रीत दर वेळी चूक पकडते. ‘बहुतेक वेळा’ नव्हे, दर वेळी! एका जादा आकड्याने हे साधणार नाही, असं तोवर मानलं जात होतं. घाईत ४७ चं ७४ झालं तर कुठे विचारायला न जाता जागच्या जागी कळतं. पहाऱ्याला वाहिलेल्या एवढ्या मोठ्या यंत्रणेत हा एक आकडा निव्वळ प्रामाणिक माणसाच्या हात चुकण्याची काळजी घेतो. मला तो फार आवडतो.

पहारा आणि सोय यांची खरी झटापट बघायची असेल तर सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकीट काढून बघा. शेगाव किंवा मलकापूरहून मुंबईला जायचंय. घड्याळात दहा वाजतात, नाव टाकेपर्यंत वेटिंग! गाडी कोणी भरली? रेल्वेने २०२५ मध्ये सांगितलं ते चकित करणारं आहे. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिन करू पाहणाऱ्यांत निम्म्यापर्यंत यंत्रंच असायची. रेल्वेने अडीच कोटी खाती बंद केली. जुलै २०२५ पासून तत्काळला आधारची पडताळणी लावली आणि पहिली तीस मिनिटं एजंटांना मज्जाव केला. त्याआधी, २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली होती. म्हणजे सेकंदाला पाचशेच्या वर! यंत्रांची गर्दी बाजूला सारली तर ही यंत्रणा माणसांना किती भरभर वाट देऊ शकते, हे या एका आकड्यातून दिसतं.

पण दर वेळी ‘तू कोण’ विचारणं हाही एक जाचच. साधा उतारा बघायला ओळख कशाला सांगायची? ओळख न विचारता किंमत वसूल करायची युक्ती सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच सुचवली होती. कोडं माणसाला घालूच नका, त्याच्या फोनला घाला! सर्व्हर फोनला सांगतो, असा आकडा शोध की तो अमुक सूत्रात घातल्यावर उत्तराच्या सुरुवातीला इतकी शून्यं येतील. असा आकडा शोधायला कुठलाही शॉर्टकट नाही, एकेक करून बघत जावं लागतं, सरासरी ६५ हजार वेळा म्हणा. सापडलेला आकडा तपासायला मात्र सर्व्हरला एकदाच गणित करावं लागतं. तुम्हाला काही दिसत नाही, पान अर्धा सेकंद उशिरा उघडतं इतकंच. आता अडीच कोटी उतारे मागणाऱ्याचा हिशेब करा. प्रत्येकाला अर्धा सेकंद, म्हणजे एका यंत्राला जवळजवळ पाच महिने! शेतकऱ्याला जे जाणवलंही नाही, त्याने चोराची वीज आणि वेळ दोन्ही जाळली. एकच खोट आहे: सहा हजारांचा फोन हे गणित महागड्या फोनपेक्षा सावकाश करतो. म्हणजे इथेही गरिबाला थोडं जास्त थांबावं लागतं, आणि चोराने ताकदवान यंत्रं आणली तर त्याला थोडं कमी.

याहून अद्भुत आहे डेव्हिड चॉम यांची १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची कल्पना. तुम्ही माणूस आहात हे एकाला पटलंय, तर तुमचं नाव न कळता ते दुसऱ्याला कसं पटवायचं? त्यांनीच दिलेलं उदाहरण असं: चिठ्ठीवर कार्बन कागद ठेवा आणि दोन्ही पाकिटात बंद करा. सही करणारा पाकिटावर वरून सही करतो. ती कार्बनमधून आतल्या चिठ्ठीवर उमटते. घरी जाऊन पाकीट फाडा. चिठ्ठीवर अस्सल सही आहे, पण सही करणाऱ्याने चिठ्ठी पाहिलेलीच नाही! उद्या ती त्याच्यासमोर आली तर सही आपलीच, एवढंच त्याला कळेल. ती कुणाला दिली होती, हे त्याला जन्मात सांगता यायचं नाही. हीच करामत कागद-कार्बनाशिवाय, निव्वळ मोठ्या संख्यांच्या गुणाकारांनी साधते. २०१७ पासून तिच्या आधारावर बनवलेली टोकनं इंटरनेटवर आली. एकदा स्वतःला सिद्ध करा, मूठभर टोकनं घ्या, पुढच्या दारांवर एकेक देत चला. कोडं नाही, नाव नाही, माग नाही. २०२२ मध्ये ॲपलने आपल्या फोनांत अशी सोय घातली. इथे मात्र मला धास्ती वाटते. ‘चांगल्या’ फोनलाच टोकनं मिळू लागली, तर माणूस असण्याचा पुरावा दुकानातून विकत आणावा लागेल. जुना अँड्रॉइड वापरणाऱ्याने काय करायचं?

म्हणून मला २०२१ चा उन्हाळा फार महत्त्वाचा वाटतो. १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविडच्या लसीसाठी कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची होती. २८ एप्रिलला नोंदणी खुली झाली आणि सुरुवातीला मिनिटाला २७ लाख विनंत्या आदळल्या. एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. पण लसीची वेळ मिळणं वेगळं. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत होता, त्यांनी स्लॉटवर नजर ठेवणारे प्रोग्राम लिहिले. चेन्नईतल्या एका प्रोग्रामरच्या सेवेवरून टेलिग्रामवर लगोलग सूचना मिळू लागल्या, आणि ती त्याने लोकांच्या भल्यासाठीच केली होती. परिणाम काय झाला? खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या वेळा शहरातल्या चपळ बोटांनी काही सेकंदांत उचलल्या. पुण्या-मुंबईची तरुण मुलं गाड्या काढून गावोगावी लस घ्यायला पोचली, आणि गावातला माणूस आपल्याच दवाखान्याबाहेर उभा. सरकारने मग पहारा कडक केला, कॅप्चा लावला, बाहेरच्या प्रोग्रामना मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी केली. कॅप्चामुळे आणखी कोण अडलं असेल, हे सांगायला नकोच.

कोंडी फुटली ती वेगळ्याच उपायाने. २४ मे २०२१ रोजी केंद्राने सरकारी केंद्रांवर या वयोगटालाही थेट येऊन जागेवर नोंदणी करायची मुभा दिली. आठवड्याभरात, ३१ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयानेही ज्यांच्या हाती इंटरनेट नाही त्यांचं काय, असा खडा सवाल केला. विचार करा, जगातला कितीही हुशार प्रोग्राम असो, त्याला रांगेत उभं राहून दंड पुढे करता येतो का? माणूस ओळखायची इतकी पक्की परीक्षा कुठल्याही प्रयोगशाळेला सुचली नव्हती, आणि त्यात खऱ्या माणसाला काहीही सिद्ध करावं लागत नव्हतं.

आणि अलीकडची एक घटना. बँका आता व्हिडिओवरून ओळख पटवतात. समोर फोटो धरलेला नाही, जिवंत माणूस आहे, हे कळावं म्हणून यंत्र सांगतं, ‘डोळे मिचकावा.’ किती सोपं! पण ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या, त्यांनी काय मिचकावायचं? जन्मांधाने कॅमेऱ्यात चेहरा कसा बसवायचा? अशाच हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील हे गाऱ्हाणं घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आणि वीस निर्देश दिले. जिवंतपणा तपासायला डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवा, कागदावरची पद्धत बंद करू नका, हेही त्यांत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने आपले केवायसीचे नियम बदलले. जिवंतपणाच्या तपासणीमुळे विशेष गरजा असलेली व्यक्ती वगळली जाता कामा नये, आणि कुणाचाही अर्ज विचार न करता फेटाळायचा नाही. फेटाळलाच तर अधिकाऱ्याने त्याची कारणं नोंदवून ठेवायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं यंत्र माणसाला तपासत आलं होतं. या नियमात यंत्राचा नकार एका माणसाने तपासायचा आहे.